खुले पत्र : श्री. एमओयूसाहेब, मुक्काम प्राचार्यांची केबिन

श्री. रा. रा. एमओयूसाहेब यांस,


सरकारी कागदात आपल्याला सामंजस्य करार म्हणतात, पण आमच्या वाशीम जिल्ह्यात आपण एमओयू म्हणूनच ओळखले जाता. साहेब हा शब्द मी जोडला. भिंतीवर टांगलेल्या कोणालाही आम्ही मान देतो.

आपण बरे आहात, हे केबिनमध्ये सही घ्यायला आलो की दिसतेच. काचेआड असल्यामुळे आपल्याला धूळ लागत नाही, एसी असल्यामुळे ऊन लागत नाही, आणि काम तर आजवर कधी लागलेलेच नाही.

आपला जन्म झाला तेव्हा मी हजर होतो. खुर्च्या मीच लावल्या होत्या. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला शिकवण्याखेरीज एवढे काम तरी हमखास मिळते. परदेशी विद्यापीठाचे साहेब पडद्यावर, इकडची मंडळी सोफ्यावर, मध्ये अडखळणारे नेट. सत्काराची शाल घेऊन संस्थेचे अध्यक्ष उत्साहाने लॅपटॉपपर्यंत गेले आणि थबकले. शेवटी ती शाल उपप्राचार्यांच्या खांद्यावर पडली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, तिच्यात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द दर वाक्यात होता. मग आपल्याला सोनेरी चौकट मिळाली.

आता आपला गुन्हा. आपल्या तिसऱ्या कलमात ‘विद्यार्थ्यांची देवाणघेवाण’ असे शब्द आहेत. देवाण झालेली नाही, घेवाणही नाही. कोणी गेले नाही, एवढ्यावरच थांबलो असतो तर पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. आपण अशा बेताने लिहिले गेला आहात की कोणी जाऊच शकणार नाही, हा माझा आरोप आहे.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषात एक प्रश्न असतो : गेल्या पाच वर्षांत इंटर्नशिप, प्रकल्प, विद्यार्थी-प्राध्यापक देवाणघेवाण आणि संशोधन यांसाठी देश-विदेशातल्या संस्थांशी किती कार्यरत करार आहेत? प्रश्न सज्जन आहे. पुरावाही मागतो. पण पुराव्याला एक ऑनलाइन व्याख्यान पुरते. व्याख्यान झाले, स्क्रीनशॉट काढला, हजेरीपट जोडला, समितीने ‘कार्यरत’पुढे ‘होय’ लिहिले. आपल्या साऱ्या आयुष्याचे सार्थक त्या ‘होय’मध्ये झाले. बाकीचा काळ आपण निवृत्त आहात.

आमच्या वर्गात मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची मुलगी आहे. बी. ए. चे दुसरे वर्ष, इतिहास आणि समाजशास्त्र. बोनाफाईडवर सही घ्यायला ती केबिनमध्ये गेली होती. प्राचार्य फोनवर होते, म्हणून उभ्या उभ्या तिने आपल्याला वाचून काढले. आपल्याला पूर्ण वाचणारी बहुधा ती पहिलीच. बाहेर येऊन मला म्हणाली, “सर, थे तिसऱ्या नंबरचं खरं हाय का? मी एक सेमिस्टर तिकडं शिकली तं माह्यं वर्ष वाया जाईन का?”

एमओयूसाहेब, पदवीच्या मुलांना परदेशी पाठवणारी विद्यापीठे शंभर वर्षे याच प्रश्नाचे उत्तर लिहीत आली आहेत. १९२३ साली अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे आठ विद्यार्थी आपल्या एका प्राध्यापकाबरोबर बोटीने फ्रान्सला गेले. परदेशी जाऊन शिकणे तेव्हा नवे नव्हते. आपल्याकडच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्येच अमेरिकेला गेल्या होत्या, बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात पोहोचले होते. पण ही मंडळी पदवी घ्यायलाच तिकडे गेली. डेलावेअरने नवे केले ते असे : पदवीचे तिसरे वर्ष फ्रान्समध्ये, पदवी डेलावेअरची, आणि फ्रान्समध्ये केलेला अभ्यास घरच्या पदवीत धरलेला. मुलांचे वर्ष वाया गेले नाही.

पुढे १९८७ मध्ये युरोपात विद्यार्थी देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना आली. पहिल्या वर्षी अकरा देशांतले सव्वातीन हजारांच्या आसपास विद्यार्थी गेले. आता तो आकडा दर वर्षी लाखांत मोजतात. निघण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याच्या हातात एक साधा कागद पडतो. तिकडे कोणते विषय घेणार, प्रत्येकाचे किती क्रेडिट, आणि ते इकडच्या कोणत्या विषयांच्या जागी धरले जातील, एवढेच त्यात असते. खाली तीन सह्या : विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या विद्यापीठाची, बोलावणाऱ्या विद्यापीठाची. जे काही भांडण व्हायचे ते मूल घर सोडण्यापूर्वी मिटलेले असते. परत आल्यावर गुणपत्रिका घेऊन त्याला या टेबलावरून त्या टेबलावर फिरावे लागत नाही. त्या कागदाला कोणी चौकट करत नाही, आणि त्याच्या प्रकाशनाला कोणी शालही आणत नाही. आपल्यात मात्र दोन्हीकडच्या पदाधिकाऱ्यांची नावे, हुद्दे आणि गोल शिक्के आहेत. विषय एकही नाही.

हिशेब करायचा म्हटले तर फार अवघडही नाही. आमच्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे सेमिस्टरला वीस-बावीस क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे वर्गातले पंधरा तास. युरोपात सेमिस्टरला तीस क्रेडिट, आणि तिथले एक क्रेडिट म्हणजे वर्ग, वाचन, लेखन मिळून विद्यार्थ्याचे पंचवीस ते तीस तास. दोन मापे वेगळी आहेत, एवढेच. आमच्या बाजार समितीतला हमाल पोत्याचे क्विंटल आणि क्विंटलचे पैसे चालता चालता करतो. विद्यापीठांना त्याच कामासाठी समिती लागते, समितीला बैठक लागते आणि बैठकीला गणपूर्ती लागते.

तारखांचा गोंधळ याहून खरा आहे. तिकडचे शरद सत्र साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते. आमची अमरावती विद्यापीठाची हिवाळी परीक्षा त्या मधोमध येते. म्हणजे मुलगी तिकडे परीक्षेत पास होत असेल तेव्हा इकडच्या निकालात तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ असेल. हजेरी भरली नाही म्हणून तिला अडवायचे, हे सांगायला आमच्याकडे नियम आहे. ती हजारो किलोमीटरवर हजर होती, हे धरायला नाही.

आपल्या खानदानात सगळेच असे निघाले, असे मात्र म्हणता येणार नाही. एकदा चौकटीतून मान बाहेर काढून पावसाळ्यात जिल्हा पाहा. रिसोड म्हणा, मालेगाव म्हणा, मंगरूळपीर म्हणा, नजर जाईल तिथवर सोयाबीन. दोन पिढ्यांपूर्वीच्या कास्तकाराला हे पीक ठाऊक नव्हते. त्याच्या शेतात कापूस, ज्वारी, तूर, मूग-उडीद असे. हे सोयाबीन आले कसे? १९६० च्या दशकात अमेरिकेतले इलिनॉय विद्यापीठ आणि आपली पंतनगर व जबलपूरची कृषी विद्यापीठे यांच्यात करार होते, अमेरिकी सरकारच्या मदतीतून चालणारे. पण ते करार कागदावर राहिले नाहीत. इलिनॉयचे प्राध्यापक बायकामुलांसह येऊन इकडे राहिले. इकडचे तरुण तिकडे अर्बाना-शॅम्पेनला शिकायला गेले आणि परत आले. ब्रॅग, ली, क्लार्क अशी तिकडची वाणे इकडच्या काळ्या मातीत लावून पाहिली गेली. १९६७ मध्ये सोयाबीनवरचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प उभा राहिला. पीक आधी मध्य प्रदेशात पसरले, मग सातपुडा ओलांडून आमच्याकडे आले.

त्या पिकाने कास्तकाराचे भले किती केले आणि भाव पाडून पाडून वाटोळे किती केले, हा वाद मी आपल्याशी घालणार नाही. तो घालायला पारावर माझ्याहून जाणकार माणसे बसलेली असतात. मला एवढेच दाखवायचे आहे की दोन विद्यापीठांमधल्या करारात माणसे खरोखर इकडून तिकडे गेली, तर हजार मैलांवरच्या शेतातले पीक बदलते. ते आपले आजोबा होते, एमओयूसाहेब. त्यांचा फोटो कुठे लावलेला मी पाहिला नाही.

बरे, मुले आमच्याकडे यायलाही तयार होती. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या आयोवा, मिनेसोटा, विस्कॉन्सिन भागातल्या छोट्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पदवीची मुले पुण्याला पाठवली. ती मुले पुणेरी कुटुंबांत राहिली, वरणभात जेवली, मराठी शिकली. आंबेडकरी चळवळीवर १९६९ मध्ये पीएच.डी. मिळवणाऱ्या डॉ. एलिनॉर झेलियट त्यांतल्याच एका, कार्लटन कॉलेजात शिकवत. आता गंमत बघा. मिनेसोटाचा पोरगा पुण्यात मराठी शिकला तर ती त्याच्या अमेरिकन पदवीत धरली गेली. आमच्या मुलीने पदवीतला काही भाग परदेशात शिकायचा म्हटला, तर आज इतक्या वर्षांनीही तिला विचारावे लागते, वर्ष वाया जाईल का.

आपण म्हणाल, बी. ए. च्या पोरीला तिकडे शिकायचे तरी काय आहे? सांगतो. तिच्याच तालुक्यात पोहरादेवी आहे. तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. आमच्या मुलांना तेव्हा गर्दीसाठी बसमध्ये जागा मिळाली होती. युरोपातल्या रोमा लोकांची भाषा मुळात भारतातून गेली, हे भाषाशास्त्राने केव्हाच दाखवले आहे. बंजारे आणि रोमा यांचे थेट नाते मात्र अभ्यासकांत वादाचे आहे. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात १९९१ पासून रोमा अभ्यास शिकवतात. तो सुरू केला मिलेना ह्युब्शमानोवा यांनी, आणि त्या मुळात हिंदी, उर्दू, बंगाली शिकलेल्या बाई. घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलणारी ही मुलगी त्या वर्गात एक सेमिस्टर बसली, तर तिला काय मिळेल ते मिळेल, पण त्या वर्गाला जे मिळेल ते प्रागच्या ग्रंथालयात नाही.

घेवाणीचेही तसेच. वाशीमला परदेशी विद्यार्थी कशाला येईल, असे आमच्याच स्टाफरूममध्ये हसून विचारतात. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. अजिंठ्याची ऐन भरातली लेणी ज्या हरिषेणाच्या काळात कोरली गेली, तो इथल्याच शाखेचा राजा. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या हान्स बाकर यांनी १९९७ मध्ये वाकाटकांवर ग्रंथ लिहिला. मिशिगनचे वॉल्टर स्पिंक अजिंठ्यापायी आयुष्य घालवून गेले. राजशेखराने तर काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्नच वत्सगुल्मात लावून दिले आहे. एवढी मोठी सोयरीक जमलेल्या गावाला दाखवण्यासारखे काही नाही, असे आम्हीच म्हणतो आणि चहा मागवतो.

कायद्याचे निमित्त तरी करू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिले आहे की परदेशी विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट, योग्य असेल तिथे आणि संस्थेच्या गरजेप्रमाणे, पदवीसाठी धरता येतील. आमच्या प्रत्येक पोराचे क्रेडिट बँकेत खाते उघडून झाले आहे. ते उघडण्यासाठी सर्व्हर रात्री चालतो म्हणून आम्ही रात्री जागलो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने देश-विदेशातल्या संस्थांशी संबंध जोडण्यासाठी प्रत्येक विद्यापीठात स्वतंत्र मंडळ ठेवायला सांगितले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये ट्विनिंग, संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचे नियम काढले. ट्विनिंगमध्ये तीस टक्क्यांपर्यंत अभ्यास परदेशी संस्थेत करता येतो. मुख्य अट अशी की इकडच्या संस्थेला नॅकचे निदान ३.०१ गुण हवेत, नाहीतर केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीतल्या विद्यापीठांच्या यादीत पहिल्या शंभरात जागा, आणि तिकडची संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात. आता तालुक्याच्या गावातले, विद्यापीठाला संलग्न, निम्म्या जागा रिकाम्या असलेले महाविद्यालय या दारातून कसे जाणार? त्याचा अभ्यासक्रम अमरावतीला ठरतो, पेपर अमरावतीहून येतो. विषयाच्या बदल्यात विषय धरायचा अधिकार अमरावतीच्या अभ्यासमंडळाला. आपल्यावर सही कोणाची, तर आमच्या प्राचार्यांची. म्हणजे ज्याच्या हातात काही नाही त्याने सही केली, आणि ज्याच्या हातात आहे त्याला आपण जन्माला आल्याचा पत्ताही नाही. हे आपल्या कर्त्यांना ठाऊक नव्हते, असे मला वाटत नाही.

पैशाचे बोलू. खऱ्या देवाणघेवाणीत मूल फी घरच्याच महाविद्यालयात भरते, तिकडे फी लागत नाही. आमची बी. ए. ची फी काही हजारांत जाते, तेव्हा हे जमण्यासारखे. पण जेवणखाण आणि खोली आहेच. जर्मनी २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो खात्यात दाखवायला सांगत होती. सहा महिन्यांचे झाले ५,९५२. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाख. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे मुलीच्या एका सेमिस्टरसाठी बापाने एकशे बारा-तेरा क्विंटल सोयाबीन विकायचे, तेही हमीभावाने, जो बाजारात मिळतो तेव्हा पेपरात फोटो येतो. शिष्यवृत्ती? राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहे, विमुक्त-भटक्यांसाठी आणि इतर मागासवर्गीयांसाठीही राज्याची वेगळी योजना आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. सगळ्या पदव्युत्तर आणि पीएच.डी. साठी. बी. ए. करता करता एक सेमिस्टर जाऊन येणाऱ्याला कोणी विचारत नाही. वाशीम हा २०१८ पासून केंद्राच्या यादीत आकांक्षित जिल्हा आहे, महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक. आकांक्षेची जबाबदारी अधिकृतपणे आमच्यावर आहे, खर्चाची कोणावर नाही.

केंद्राच्या शिष्यवृत्ती योजनेचे आणखी एक मौजेचे. २०२२ मध्ये तिच्या नियमांत सुधारणा झाली आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारताविषयीचे सामाजिक अभ्यास अशा विषयांवर परदेशात शिकायला पैसे मिळणार नाहीत, असे ठरले. आता आमच्या वऱ्हाडातले डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख आठवा. पापळसारख्या खेड्यातला मुलगा एडिंबरोला गेला, पुढे त्याने ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली. विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. परत येऊन १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि वऱ्हाडातल्या कुणब्या-माळ्यांची पोरे वर्गात बसली. भाऊसाहेबांनी आज त्याच विषयाचा अर्ज त्या खिडकीवर नेला असता, तर विषय पाहूनच परत पाठवला गेला असता. कारणासाठी ‘नियमानुसार’ एवढा शिक्का पुरला असता. दर वर्षी २७ डिसेंबरला आम्ही त्यांच्या तसबिरीला हार घालतो. भाषणात त्यांच्या परदेशी शिक्षणाचा उल्लेख असतोच.

हे सगळे आपल्याला ऐकवून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. आपण तर बिचारे कागद. पण आपल्यामागे लपणारे बरेच आहेत, आणि त्यांना पत्र पाठवले तर माझ्या पुढच्या वर्षीच्या तासिका जातील. आपल्याला पाठवले तर फार तर काच तडकेल.

आपली मुदत पाच वर्षांची होती, ती आता संपत आली आहे. नॅकची सायकलही पाच वर्षांची असते, हा योगायोग मी समजू शकतो. नूतनीकरणाचा मसुदा टाइप करायला माझ्याकडेच येईल, कारण टंकनाच्या तासिका धरत नाहीत. या खेपेला मी मागे एक पान जोडणार आहे. त्यात चार रकाने असतील : तिकडचा विषय, तिकडचे क्रेडिट, त्याच्या बदल्यात धरायचा इकडचा पेपर, आणि अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांची सही. रकान्यांखाली एक ओळ राहण्याचा खर्च कोण देणार याची. दुसरी ओळ हिवाळी परीक्षा हुकली तर पर्यायी परीक्षा कधी, याची. पान भरायला कोणी तयार नसेल तर हरकत नाही, तिसरे कलम खोडून टाकू आणि ‘परस्पर सदिच्छा’ एवढेच ठेवू. सदिच्छेला व्हिसा लागत नाही.

उत्तर मात्र जरा लवकर कळवा. सेमिस्टरचे परीक्षा अर्ज सुरू झाले आहेत, आणि त्या मुलीला विलंब शुल्क लागण्यापूर्वी ठरवायचे आहे.

आपला,
तासिकेपुरता
एक प्राध्यापक
जि. वाशीम